चार माणसांतली तपासणी

घर घ्यायच्या आधी ते तपासायला माणूस आणायचा, आणि तोही डिग्रीवाला, हे खूळ युवराजचं. पण त्यातून पुढं जो बट्ट्याबोळ झाला त्याचं श्रेय त्याच्या आईचं, कलाबाईंचं. हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात, तेव्हा आपण सांगायला हरकत नाही.

कलाबाई बैसाणे म्हणजे अमळनेरच्या अंगणवाडीत सगळी नोकरी घालवलेली बाई. नवरा चिंधाभाऊ एसटीत ड्रायव्हर. दोघंही रिटायर झाल्यावर धुळ्याला, देवपुरात पोराकडं राहायला आले. युवराज इथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, सून सपना दवाखान्यात नर्स आहे. पोराकडं म्हणायचं आपलं, पण ते घरही भाड्याचंच. कलाबाईंचा अख्खा संसार भाड्याच्या घरात झाला. खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा. पाहुणे आले की मालकीणबाई जिन्यात उभी राहून चपलांकडं बघणार. अकरा महिने झाले की करार नवा, भाडं नवं, आणि मालकाच्या पोराचं लग्न ठरलं की, "जरा बघा दुसरीकडं." चिंधाभाऊंना याचं काही वाटायचं नाही. ड्रायव्हर माणूस, गाडी थांबेल तिथं मुक्काम. कलाबाईंना मात्र वाटायचं, आणि आतून वाटायचं.

"मला अशा घरात मरायचंय जिथून मला कुणी ऊठ म्हणणार नाही," असं त्या म्हणायच्या.

"आई, मेल्यावर उचलावंच लागेल," सपना हसायची.

"तेव्हा उचला. जिवंतपणी नको."

तर म्हातारा-म्हातारीच्या फंडाचे पैसे, वर युवराजचं बँकेचं कर्ज, असं करून घर बघायला सुरुवात झाली. दलाल तोताराम. हा माणूस एकदा बोलायला लागला की त्याला थांबवायला दुसरा दलाल आणावा लागेल. पहिल्याच दिवशी तो वास्तूचं पुराण घेऊन बसला. दार पूर्वेला, पाणी ईशान्येला, अग्नी आग्नेयेला.

कलाबाईंनी त्याला मध्येच अडवलं. "तोतारामभाऊ, आम्ही बुद्धाला मानतो. ईशान्येचं राहू दे, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांग."

विकाऊ घरांना देवपुरात तोटा नव्हता. पण गंमत अशी की आडनाव सांगेपर्यंतच घर विकाऊ असायचं. एका मालकाला दुसऱ्या दिवशी एकाएकी आठवलं की घरात बहिणीचाही हिस्सा आहे. एकाच्या घरात 'अडचण' निघाली, कसली ते त्यालाच ठाऊक. आणखी एका ठिकाणी तर बाई म्हणाली, "आम्हाला काही नाही हो, पण गल्लीतले लोक…" आणि वाक्य तिथंच सोडून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. बरं, हे सगळं कधी समोरासमोर नाही. मालक तोतारामला बाजूला घेऊन जाणार, कानात काहीतरी सांगणार. मग तोताराम चिंधाभाऊंना बाजूला घेणार. मग चिंधाभाऊ घरी येऊन भिंतीकडं बघत म्हणणार, "ते नाही जमायचं."

कलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा ना! चार माणसांत म्हणा! कानात काय सांगता? मी काय चोरीचं सोनं घ्यायला आलेय?"

अशात सुकदेव नानांचं घर निघालं.

सुकदेव पाटील म्हणजे रिटायर ग्रामसेवक. घर चांगलं जुनंजाणतं, खाली तीन खोल्या, वर दोन, मागं मोठं अंगण, त्यात धुण्याचा दगड आणि सीताफळाचं झाड. कलाबाईंनी दारातच आडनाव सांगून टाकलं, म्हटलं काय व्हायचं ते आत्ताच होऊ दे. नाना म्हणाले, "बैसाणे का? अमळनेरचे? या, बसा." आणि नानांची बायको भागाबाई आतून आली ती अहिराणीतच बोलत, "बठा ना, चहा ल्या." कलाबाई बसल्या. त्या घरातला चहा त्यांना साखर कमी असूनही गोड लागला, यावरून काय ते समजा.

सगळ्यात नवल म्हणजे भाव. त्या गल्लीत त्या भावात कुणी संडासबाथरूम दिलं नसतं. का, तेही नानांनी स्वतःच दाखवलं. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट जमिनीपर्यंत तिरपी भेग. बोट जाईल एवढी.

"मी लपवत नाही," नाना म्हणाले. "घर बसतंय. खाली काळी माती आहे. रोज उठलो की आधी ही बघतो, मग तोंड धुतो. हिच्यापायी माझी झोप गेली. पोरगा पुण्याला आहे, भूषण. तो म्हणतो, विका आणि या इकडं. मी दिवसभर बाहेर असलो की डोळ्यासमोर येतं, ही एकटी घरात, आणि भिंत…"

भागाबाई खिडकीबाहेर सीताफळाकडं बघत उभ्या होत्या.

बाहेर आल्यावर तोताराम म्हणाला, "आता वेळ घालवू नका. उद्याच इसार द्या, पावती करून टाकू." इसार म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम. ती दिली की मालकाला फिरता येत नाही.

इथं युवराज मध्ये पडला. पोरगं हुशार, पण फिजिक्सवालं. बापाला म्हणाला, "दादा, लोक वास्तुपंडित आणतात, आपण इंजिनिअर आणू. जळगावला एक मॅडम आहेत, कामिनी मॅडम. एमटेक आहेत, घर घ्यायच्या आधी तपासून देतात. भेग कशामुळं आहे ते शास्त्रानं कळेल. आपण आधी थोडा इसार देऊन ठेवू, मॅडम बघून जातील, आणि रिपोर्ट आपल्या मेलवर पाठवतील. कुणाला काही कळायचं कारण नाही."

पोरगं असं शहाण्यासारखं बोललं, आणि आई तिथंच बिथरली.

"कुणाला काही कळायचं कारण नाही म्हणजे? परत कानात?"

"आई, रिपोर्ट खासगी असतो."

"खासगीत खूप ऐकलं मी. हे घर चांगलं आहे की वाईट, ते त्या बाईनं चार माणसांत सांगायचं. मोठ्यानं. नानांच्या बैठकीत, नानांसमोर. वाईट निघालं तर भाव तिथल्या तिथं उतरेल. चांगलं निघालं तर चार माणसांसमोर ठरलेला सौदा पाटील मोडणार नाही. आणि इसार तपासणीनंतर. लग्नाआधी कुणी वरात काढतं का?"

चिंधाभाऊ म्हणाले, "अगं, पण इसार आधी दिला तर…"

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला स्टँडवर झोपायची सवय आहे."

खरं सांगायचं तर यात चूक अशी काही वाटत नव्हती. आपल्याकडं लग्न चार माणसांत ठरतं, वाटणी चार माणसांत होते, बैल घ्यायचा तर त्याचे दातसुद्धा चार माणसांत मोजतात. मग घरानं काय घोडं मारलं? युवराजनं बराच वाद घातला. पण आईनं एकदा पदर खोचला की फिजिक्सचं काही चालत नाही. त्यानं जळगावला फोन लावला आणि रविवारचं ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी कामिनी मॅडमची गाडी गल्लीत शिरली आणि गल्लीला काम मिळालं. मॅडम पन्नाशीच्या आतबाहेरच्या, पायात बूट, डोक्याला रुमाल. सोबत दोन गडी, शिडी, पहार, आणि एक पेटी. पेटीतून कसली कसली यंत्रं निघाली. एक भिंतीला लावलं की ओल दाखवतं, दुसरं भिंतीवर टक्कन मारलं की आकडा दाखवतं. शेजारच्या पुना आबांनी ओट्यावर खुर्चीच आणून टाकली. कुणीतरी विचारलं, "इन्कम टॅक्सवाले आले का?" तोताराम म्हणाला, "नाही, घराची सोनोग्राफी आहे."

बाई कामाची पक्की होती. गच्चीवर चढली, टाकीत डोकावली, न्हाणीत ओणवी झाली. गड्यांकडून भागाबाईंच्या अंगणात भिंतीलगत खड्डा घेतला, आत वाकून पायाची माती हातात चुरगाळून पाहिली. भागाबाई तिच्या मागं मागं फिरत होत्या. मध्येच एकदा त्या कलाबाईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "यास्नं काय सांगावं, पडी जाई म्हनतीन." म्हणजे ही बाई आता सांगणार, घर पडणार म्हणून.

कलाबाईंना त्यांची कीव आली. पण मनात असंही आलं की पडेल म्हणाली तर भाव अजून उतरेल, आणि मग ती खोली पाडून नवी बांधता येईल. कुठं काय ठेवायचं हे त्यांचं केव्हाच ठरलं होतं. अंगणात खाट, खाटेवर आपण, आणि उठवायला कुणी नाही. त्यांनी त्या दगडावर सपनाला धुणं धुताना मनातल्या मनात पाहूनसुद्धा घेतलं होतं. सपनाच्या घरात वॉशिंग मशीन आहे ही गोष्ट वेगळी.

दुपारी बैठक बसली. नानांच्या पुढच्या खोलीत गादीवर नाना, पुना आबा, तोताराम, आणि बैसाण्यांच्या बाजूनं कौतिकभाऊ. हे कौतिकभाऊ चिंधाभाऊंच्या गाडीवर कंडक्टर होते. कुठंही गेले तरी दाराजवळच बसतात. युवराज आणि चिंधाभाऊ खुर्च्यांवर, बायका आतल्या दारात. कलाबाई मात्र दारात न थांबता पुढं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हां मॅडम, बोला. काही हातचं राखू नका. जे असेल ते सगळ्यांसमोर."

कामिनी मॅडमनी एकदा युवराजकडं पाहिलं. "सगळ्यांसमोर? मी असं कधी सांगत नाही. रिपोर्ट तुम्हाला…"

"सगळ्यांसमोर," कलाबाई म्हणाल्या. युवराजनं मान खाली घातली.

"बरं. भेगेपासून सुरुवात करते," मॅडम म्हणाल्या. "ती भेग पायाची नाही."

नानांनी ओठाला लावलेला कप खाली ठेवला.

"मागची खोली तुम्ही नंतर काढलीत ना?"

"हो. भूषणच्या लग्नाच्या आधी."

"बांधणाऱ्यानं नवी भिंत जुन्या भिंतीला नुसती टेकवली. दोन्हींची विटेत वीट गुंतवली नाही. उन्हाळ्यात-हिवाळ्यात तो सांधा उघडतो आणि मिटतो. भेग तिथली आहे. पाया मी खणून पाहिला. काळी माती वरवरची आहे, पाया तिच्याखाली मुरमात टेकलाय. घर बसत नाहीये. बसलेलं नाही आणि बसणारही नाही."

कलाबाईंचा आनंद पोटात मावेना. एवढं खणखणीत घर, आणि भेगेच्या भावात! त्यांनी चिंधाभाऊंकडं पाहून डोळे मोठे केले, म्हणजे, बघा, मी सांगत होते ना.

"म्हणजे ती भिंत…" नाना अडखळले. "आमच्या डोक्यावर पडायची नाही?"

"तुमच्या नाही, तुमच्या नातवाच्याही नाही. तो सांधा उकरून नीट भरून घ्या, जाळी मारून प्लास्टर करा. मी गेल्या कित्येक महिन्यांत इतकं चांगलं काम पाहिलं नाही. मूळ घर कुणी बांधलं?"

"मी," नाना म्हणाले. "म्हणजे गवंडी होता, पण पाणी मी मारलं. ड्यूटी करून यायचो आणि पाणी मारायचो." आणि त्या साठ-सत्तरीच्या माणसाचा आवाज एकदम फाटला. ते उठले, आत मागच्या खोलीत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आतून भिंतीवर थापट्या मारल्याचा आवाज येत होता, जनावराच्या पाठीवर मारतात तशा.

सौदा धोक्यात आहे हे पहिल्यांदा तोतारामच्या लक्षात आलं. त्याचं लक्ष नेहमी कमिशनवर असतं, त्यामुळं त्याला आधी कळतं. तो पुढं सरकून म्हणाला, "मॅडम, तसं काही ना काही असेलच ना? जुनं घर आहे. नीट आठवून बघा."

नाना बाहेर आले. डोळे पुसलेले दिसत होते.

आता कलाबाईंनाही ते कळलं. त्या म्हणाल्या, "ताई, ती न्हाणीजवळ ओल आहे म्हणत होता ना तुम्ही? ती वाढत जाईल ना?"

"नाही हो, नळाचा जोड गळतोय. प्लंबर लगेच करून देईल."

"आणि गच्ची? गच्चीवर पाणी साठतं. स्लॅब धोक्याचा असेल."

"साठत नाही. एका कोपऱ्यात उतार कमी आहे, एवढंच."

"लोखंड गंजलं असेल!"

"लोखंड उत्तम आहे," मॅडम जरा गोंधळून म्हणाल्या. घर घेणारी बाई घरात दोष काढा म्हणून हातापाया पडतेय, असं त्यांनी आजवर पाहिलं नसावं.

"आणि तो उतार," नाना म्हणाले, "तो मी दोन पाट्या माल टाकून करून घेतो."

मी, म्हणाले. तुम्ही करून घ्या, नाही म्हणाले. कौतिकभाऊ दाराजवळून चिंधाभाऊंकडं बघायला लागले. युवराजनं चष्मा काढून पुसायला घेतला.

आणि मग आतल्या दारातून भागाबाई बोलल्या. बैठक बसल्यापासून त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "बठ्ठं चांगलं शे ना घर? मंग कसाले इकानं?" सगळं चांगलं आहे तर विकायचं कशाला? भागाबाई नानांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "माले पुण्याले जानं नही. मी कव्हयच सांगं नही, पन माले जानं नही."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हले झोप लागत नव्हती," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

नानांनी तिथंच फोन काढून पोराला लावला आणि स्पीकरवर टाकला. "भूषण, घर विकायचं नाही. इंजिनिअर बाई आल्या होत्या, त्यांनी सांगितलं." तिकडून भूषण "पण बाबा, पण बाबा" करत राहिला. मागून सूनबाईंचा, दिपमालाचा आवाज आला, "येत नाहीत का? बरं बरं, त्यांना जिथं बरं वाटेल तिथं राहू दे." तिच्या बोलण्यात दुःख होतं, पण ते फार शोधावं लागलं असतं. पुना आबांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला. चार माणसांत आनंदीआनंद झाला.

आता कलाबाईंचं बघा. त्या गादीच्या कडेला तशाच बसून होत्या. नाना हात जोडून त्यांच्यासमोर आले. "अक्का, राग मानू नका. तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही मॅडमना आणलं नसतं तर मी चांगलं घर कवडीमोलानं विकून पुण्याच्या दहाव्या मजल्यावर जाऊन बसलो असतो. मॅडमची फी मी देतो, तुम्ही एक पैसा द्यायचा नाही."

कलाबाई त्यांच्या तोंडाकडं निरखून बघत राहिल्या. आजवर असा नकार आला की त्या आधी कारणाच्या मागचं कारण शोधायच्या. इथं शोधायला काही नव्हतंच. माणूस खरं बोलत होता, तोंडावर बोलत होता, मोठ्यानं आणि चार माणसांत बोलत होता. त्यांना हवा होता अगदी तसा नकार. बहिणीचा हिस्सा निघाला असता तर घरी जाऊन चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. या माणसाला काय शिव्या घालणार?

"असू द्या नाना," त्या म्हणाल्या. "तुमचं घर आहे."

तोताराम कपाळाला हात लावून बसला होता. त्यानं युवराजला हळूच विचारलं, "सर, इसार आधी दिला असता तर?" युवराजनं विषय बदलून रिक्षाचं विचारलं. आईच्या बाबतीत तो भला पोरगा आहे.

मंडळी उठली. कामिनी मॅडम पेटी भरताना युवराजला पुन्हा पुन्हा सांगत होत्या की असं पहिल्यांदाच घडलं. चिंधाभाऊ चपला शोधत होते. तेवढ्यात भागाबाईंनी कलाबाईंचा हात धरून त्यांना ओट्यावर नेलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका उजेड होता की कलाबाईंना त्या एकदम दहा वर्षांनी लहान वाटल्या.

"माय, मन्ही एक गोठ आयका," भागाबाई म्हणाल्या. "वरल्या दोन खोल्या रिकाम्या शेतस. आम्ही दोनच जीव. तुम्हीन वर ऱ्हा ना."

मागून नानाही आले. त्यांनी ही गोष्ट आतच ठरवलेली दिसत होती. "हो अक्का, खरंच राहा. वरच्या खोल्या आजवर कुणाला दिल्या नाहीत, ज्याच्या-त्याच्या हाती घर द्यायला मन होत नाही. तुमच्यासारखी माणसं शोधून मिळायची नाहीत. भाडं तुम्ही सांगाल ते. एक कागद करून टाकू अकरा महिन्यांचा, तोही नावापुरता."

यातला शब्दन् शब्द मनापासून होता. देवपुरातल्या कुठल्याही दारात बैसाण्यांना आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. भाड्यानंच घर हवं असतं तर कलाबाईंनी हे ऐकून नानांना भाऊ मानला असता. आणि नेमकं त्यामुळंच ते त्यांना जास्त लागलं. एवढ्या मायेनं बोलावतायत, आणि कुठं बोलावतायत, तर ज्यातून सुटायला आपण इथं आलो तिथंच.

"भाडं किती म्हणताय?" चिंधाभाऊंनी विचारलं. माणूस वाईट नाही, पण सवय.

कलाबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पुन्हा चपला शोधायला लागले. त्या सापडल्या होत्या, तरी.

नाना मॅडमना निरोप द्यायला आत वळले, चिंधाभाऊ चपला घालून पायरीखाली उतरले. ओट्यावर दोघी बायकाच उरल्या. भागाबाईंनी हात सोडला नव्हता. "काय म्हनतस? येतस ना?"

"नही," कलाबाई म्हणाल्या.

"काब्र?" भागाबाईंनी कारण विचारलं. "आम्हनं काही चुकनं का?"

"तुम्हनं काहीच नही चुकनं." कलाबाईंना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही. "एक सांगा, तुम्हले पुण्याले काब्र जानं नव्हतं? पोटना पोरगा. सून चांगली. दोन टाइम गरम जेवन. तरी काब्र नही?"

भागाबाईंनी अंगणाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. मग कलाबाईंकडं पाहिलं आणि पाहतच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड हळूहळू विझला. हात मात्र त्यांनी जास्तच घट्ट धरला.

"माले समजनं," त्या म्हणाल्या.

आतून नानांनी हाक मारली. माणूस अजून आनंदातच होता. "अगं, विचारलंस का? कधी येतायत राहायला? वरच्या खोल्या झाडून घ्यायला सांगतो."

भागाबाई दारात गेल्या. आत पुना आबा होते, कौतिकभाऊ होते, तोताराम होता, बाहेर गल्लीतली दोन-चार माणसं अजून रेंगाळत होती. उभ्या आयुष्यात ती बाई नवऱ्याशी त्या आवाजात बोलली नसेल.

"त्या काही भाड्यानं ऱ्हावाले नही उन्यात," त्या म्हणाल्या. म्हणजे भाड्यानं राहायला आलेल्या नाहीत. "घर इकत लेवाले उन्यात. पुन्हा इचारू नका त्यास्ले."

चिंधाभाऊ कलाबाईंचा हात धरून त्यांना पायरीवरून खाली घेऊन आले, आणि युवराज रिक्षा बघायला पुढं गेला.